पाण्याखाली उगवणारं बी
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मी कापसाच्या भावावर बोलणार नाही. त्यावर बोलणारे माझ्या मागं बसले आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. मला अर्धा तास दिला आहे आणि मी सोबत या तीन बाटल्या आणल्या आहेत. मघाशी एका पोरानं विचारलंच, "काका, औषध आहे का?" औषध नाही रे बाबा, साधं पाणी आहे. पाणी उकळून गार केलं, म्हणजे त्यात मिसळलेली हवा निघून जाते. मग बाटल्या जवळजवळ गळ्यापर्यंत भरल्या, तळाशी बी टाकलं आणि वरून बोटभर तेल ओतलं, हवा पुन्हा आत शिरू नये म्हणून. एकीत ज्वारी, एकीत सरकी, एकीत धान. आज सहावा दिवस आहे.

ज्वारीची बाटली बघा. दाणे फुगलेत, पाणी गढूळ झालंय, आणि झाकण काढलं तर पुढच्या दोन रांगा उठून जातील. सरकीचीही तीच गत. आणि ही धानाची. जवळ येऊन बघा, दाण्यातून पांढरा कोंभ निघालाय, बोटाच्या पेराएवढा. मूळ नाही, हिरवं पान नाही, नुसता कोंभ, सरळ वर तोंड करून. ज्या पाण्यात ज्वारी सडली, त्याच पाण्यात हा उगवला.

हा खटाटोप का केला ते सांगतो. मागच्या बैठकीत एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं होतं, "धान पाण्यात उगवतं, मग आपलं बी पाण्यात का कुजतं?" मी त्याला म्हटलं, धान हे पाण्याचंच पीक आहे, आणि खाली बसवलं. घरी जाताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की हे उत्तर नव्हतंच. चोराला चोरी का करतोस विचारलं आणि तो म्हणाला मी चोर आहे म्हणून, तसं ते झालं. तेव्हा आज त्या भावाचं देणं फेडतो.

त्याचा प्रश्न हौसेचा नव्हता, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याच रानाचं सांगतो. जमीन काळी, भारी. मृगात चांगला पाऊस झाला, वापसा आला, दोन दिवसांत ज्वारी पेरून घेतली, सरकी टोबून घेतली. शेवटचं तास झालं त्याच रात्री आभाळ फाटलं. तीन दिवस उघाड नाही. चौथ्या दिवशी धुऱ्यावर उभं राहून बघितलं तर शेताचा डबरा झालेला. पाणी ओसरल्यावर माती उकरली, तर दाणा बोटात चिरडला आणि पांढरं पाणी निघालं. दुबार पेरणी. दुसऱ्यांदा बियाणं, दुसऱ्यांदा मजुरी, आणि दुकानदाराच्या वहीत दुसरी ओळ. पंचनाम्याला आलेल्या साहेबांना म्हटलं, लिहा. ते म्हणाले, "जे उगवलंच नाही, त्याचं नुकसान काय लिहू?" त्यांच्या कागदावर उभ्या पिकाला रकाना होता. जमिनीत मेलेल्या दाण्याला रकाना नव्हता.

तर तो दाणा मेला कशानं? आपण म्हणतो पाण्यानं. पाण्यानं नाही. तो गुदमरून आणि उपाशी मेला. पोटात पिठाची कणगी भरलेली असताना उपाशी मेला.

दाण्यात काय असतं? एका टोकाला बारीकसा अंकुर आणि बाकी सगळी त्याची शिदोरी. शिदोरी पिठाच्या रूपात असते. पीठ अंकुराला तसंच खाता येत नाही, त्याची आधी साखर व्हावी लागते. ती करायला दाण्यात एक पाचक रस तयार होतो, त्याला अमायलेज म्हणतात. कणगीची किल्ली म्हणा ना. ओल मिळाली की किल्ली फिरते, पिठाची साखर होते, अंकुर ती खातो आणि वाढतो. पण ती साखर जाळायला हवा लागते, हवेतला प्राणवायू लागतो. जमीन पाण्यानं गच्च भरली की मातीच्या फटींतली हवा निघून जाते. पाण्यातून प्राणवायू सरकतो तो मोकळ्या हवेतल्यापेक्षा सुमारे १० हजार पट हळू. वर आभाळभर हवा आहे आणि दोन बोटं खाली दाण्याला घोटभर मिळत नाही. आपली काळी जमीन तर फुगते आणि उरल्यासुरल्या फटीही बुजवून टाकते.

हवा नसली तरी साखरेतून थोडी ताकद काढता येते, दारूच्या भट्टीत मोहाची साखर आंबते त्या रीतीनं. पण तो धंदा फार तोट्याचा. साखरेच्या एका कणातून हवेत ३० वर ताकदीची नाणी हाती येतात, हवेविना फक्त २. म्हणजे तेवढंच जगायला कितीतरी पट साखर हवी. आणि नेमक्या त्याच वेळी गव्हाच्या, जवाच्या दाण्यात ती किल्लीच तयार होत नाही. हे १९९० च्या दशकात इटलीतल्या पिसा इथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. हवा तोडली की गहू आणि जव यांच्यात अमायलेज बनणं थांबतं, धानात मात्र ते बनत राहतं. कणगीला कुलूप, घरात लेकरं उपाशी, ही गव्हाची गोष्ट. धानाला अंधारात, गुदमरत असतानाही कुलूप उघडता येतं.

आणि उघडल्यावर धान खर्च कसा करतं ते बघा. मूळ काढत नाही, पान काढत नाही. सगळी साखर एका कोंभात घालतं. हा कोंभ आतून पोकळ, पाण्यातून वर काढलेल्या नळीसारखा. त्याचं टोक एकदा का पाण्याबाहेर आलं की हवा खाली दाण्यापर्यंत पोचते, आणि मग मूळ, मग पान. पाऊस पडेपर्यंत बाकी सगळा खर्च थांबवून फक्त बियाण्याला पैसे ठेवणारा शहाणा कुणबी करतो तेच.

आता इथं कुणी म्हणेल, झालं तर मग, धानवाल्यांना चिंताच नाही. तसं नाही. माझी धाकटी बहीण धानपट्ट्यात दिली आहे. तिच्याकडं पऱ्हे टाकून रोवणी करतात आणि काही जण आवत्या टाकतात, म्हणजे बी थेट बांधीत. रोवणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, म्हणून आवत्याकडं ओढा वाढतोय. मी तिला मोठ्या तोऱ्यात फोनवर सांगितलं की तुमचं बी पाण्यात मरत नाही. ती म्हणाली, "दादा, येऊन बघ. बी टाकल्यावर बांधी भरली की दहा आणे बी जातं." कोंभ काढणं वेगळं आणि मातीखालून, वितभर पाण्यातून रोप म्हणून वर येणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. बाटलीत कोंभ सगळेच धान काढतात. पाण्याबाहेर येईपर्यंत शिदोरी पुरवणारे फार थोडे.

याला कारण आहे. गेली साठ वर्षं धानाचे जे सुधारित वाण निघाले, ते बहुतेक रोवणी डोळ्यांपुढं ठेवून निवडले गेले. पऱ्हे नीट निचऱ्याच्या वाफ्यात उगवणार आणि वीतभर झाल्यावर चिखलात जाणार. बी पाण्याखाली उगवतं का, हे बघायची कुणाला गरजच पडली नाही. जे बघितलं नाही ते निवडलं गेलं नाही, आणि जे निवडलं नाही ते हरवलं. मजूर स्वस्त होता तोवर ही उणीव झाकून राहिली. बायकांच्या वाकलेल्या कमरेनं ती झाकली होती.

मग शोध सुरू झाला. फिलिपाइन्समध्ये लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे, १९६० साली निघालेली, जिला इरी म्हणतात. तिच्या बियाण्याच्या पेढीत जगभरच्या धानाचे सव्वा लाखावर नमुने थंडीत जपून ठेवले आहेत. तिथल्या अब्देलबागी इस्माईल, डेव्हिड मॅकिल, एंदांग सेप्तिनिंगसिह वगैरे मंडळींनी ८ हजारांहून जास्त वाण तपासायला घेतले. तपासणी आपल्याला समजेल अशीच. ट्रेमध्ये माती घालायची, कोरडं बी पेरायचं, वरून बोटभर माती, त्यावर चार बोटं पाणी. तीन आठवडे पाणी हलवायचं नाही. मग जिवंत रोपं मोजायची. ८ हजारांत हातावर मोजण्याइतके वाण पास झाले. त्यातला एक ब्रह्मदेशातला, म्हणजे आजच्या म्यानमारचा, जुना देशी वाण, नाव खाव ह्लान ऑन. दुसरा चीनचा, मा झान रेड.

या देशी वाणाची गंमत म्हणजे त्याला कुठल्या शास्त्रज्ञानं तयार केलं नव्हतं. ब्रह्मदेशातल्या कुठल्याशा पाणथळ गावात कुणी शेतकऱ्यानं, आणि माझा अंदाज विचाराल तर शेतकरणीनं, दरसाल जे उगवलं त्याचंच बी राखून ठेवलं, एवढंच. तिला जीन माहीत नव्हता, तिला पोट माहीत होतं.

आता जुना वाण सापडला म्हणून तोच पेरा, असं होत नाही. त्याच्यात हा एक गुण सोन्याचा, पण आजच्या शेतकऱ्याला उतारा, दाणा, कालावधी, सगळंच लागतं. म्हणून त्याचा संकर इरीच्याच आय आर ६४ शी केला. हा १९८५ चा वाण, आशियात लाखो हेक्टरवर पेरला गेलेला, खायला चांगला, पण पाण्याखाली उगवायला अगदी लेचापेचा. पहिल्या संकरात निम्मं रक्त इकडचं, निम्मं तिकडचं. मग त्यातली पाण्यात उगवणारी रोपं पुन्हा आय आर ६४ शी जोडायची. पुन्हा तपास, पुन्हा जोडणी. दरवेळी देशी वाणाचं बाकीचं रक्त निम्म्यानं घटतं, आणि हवा असलेला तुकडा तेवढा राखायचा. कापूसवाल्यांनो, तुमच्या बोलगार्डच्या संकरित वाणांतही बाहेरून आणलेला जीन नरमादीच्या वाणात असाच पुन्हा पुन्हा जोडून बसवला आहे. फरक एवढाच की बीटीचा जीन जिवाणूचा आहे, धानातला हा धानाचाच आहे. म्हणून याला जनुक बदलाच्या परवानगीची भानगड नाही.

२०१० मध्ये कळलं की हा गुण मुख्यतः धानाच्या ९ व्या गुणसूत्रावरच्या एका तुकड्यात आहे. त्याला एजी १ नाव दिलं. आणि २०१५ मध्ये त्या तुकड्यातला नेमका जीन सापडला. आय आर ६४ मध्ये तो बिघडलेला नव्हता, मुळात नव्हताच. तेवढी पाटीच कोरी.

तो जीन करतो काय, हे मला समजायला दोन दिवस लागले, तुम्हाला दोन मिनिटांत सांगतो. झाडाच्या अंगात एक निरोप्या असतो. साखर पुरेशी झाली की तो सांगतो, पोट भरलं, कणगी बंद करा. हा जीन त्या निरोप्याला मोडून टाकतो. निरोप पोचत नाही, दाण्याला वाटतं आपण अजून भुकेलेच आहोत, आणि पिठाची साखर होत राहते, कोंभाला पुरवठा चालू राहतो. म्हणजे बी पाण्याबाहेर येतं ते पोट भरल्यामुळं नाही, भूक शिल्लक असल्यामुळं. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

इथं एक गोष्ट वेगळी काढून ठेवा, कारण वर्तमानपत्रात दोन्ही एकत्र कालवलेलं असतं. स्वर्णा सब १ नावाचं धान तुम्ही ऐकलं असेल, २००९ मध्ये आपल्या देशात प्रसारित झालं. ओडिशातल्या जुन्या वाणातून निवडलेल्या एफ आर १३ ए मधून त्याचा गुण आला आणि तो जीन २००६ मध्ये ओळखला गेला. ते धान महापुरात दोन आठवड्यांच्या आसपास बुडून राहिलं तरी पुन्हा फुटतं. पण ती उभ्या रोपाची गोष्ट आहे, आणि तिची रीत बरोबर उलटी. सब १ रोपाला सांगतो, हलू नको, साखर वाचव, पूर ओसरेपर्यंत गप्प पड. एजी १ दाण्याला सांगतो, थांबू नको, आहे ते खर्च कर आणि वर ये. पेरणीच्या पुरात सब १ चा उपयोग नाही, आणि भाद्रपदातल्या पुरात एजी १ चा नाही. नंतर दोन्ही एकाच वाणात बसवून पाहिले, तर ते एकमेकांच्या आड येत नाहीत असं आढळलं. पण तुमच्या सोयऱ्याधायऱ्यांत कुणी धानवाला असेल आणि दुकानदार त्याला "पाण्यात टिकणारं" म्हणून पिशवी देत असेल, तर त्यानं पहिला प्रश्न हाच विचारावा, कोणत्या पाण्यात? पेरणीच्या की उभ्या पिकाच्या?

आणखी एक. हे बी आलं म्हणून धानवाल्याचं सगळं दुःख सरणार नाही. खोलगट बांधीत हातभर पाणी साचलं तर एजी १ पण मरणार, म्हणून जमीन समतल हवीच. तणाचं मात्र गणित बदलतं. आवत्यात धान आणि तण एकदमच उगवतात. रोवणीच्या चिखलात पाणी उभं राहतं म्हणून तण दबतं. बी जर पाण्याखाली उगवायला लागलं तर पेरल्याबरोबर पाणी उभं करून तण दाबता येईल, आणि निंदणाची मजुरी वाचेल. मजूर टंचाईच्या काळात खरा फायदा मला तो वाटतो, पुराचा नंतर. कॅलिफोर्नियाचे शेतकरी १९२० च्या दशकापासून साधारण हेच करतात, भरल्या वावरात भिजवलेलं बी टाकतात, आता विमानातून. पण तिथलं बी मातीवर पडतं, मातीखाली नाही. आणि धानासारखंच दिसणारं सावा जातीचं तण आहे ना, ते अगदी कमी हवेत उगवायला शिकलेलं आहे. त्याला कुणी शाळेत घातलं नव्हतं.

आणि तुम्हा कापूसवाल्यांना हेवा वाटावा अशी गोष्ट. धान स्वतःच्याच परागानं फळतं. सुधारित वाणाचं बी एकदा घरात आलं की पुढं घरचं राखून पेरता येतं, शेजाऱ्याला पायलीभर देता येतं. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याचा तो हक्क मानला आहे. आपण दर मृगाला पाकिटाच्या रांगेत उभे असतो.

आता आपल्याकडं येऊ. त्या भावाचा प्रश्न ज्वारीचा होता. धानाचा जीन उचलून ज्वारीत टाकला की झालं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. धानाचं अख्खं घरच पाण्यासाठी बांधलेलं आहे, ही त्यातली एक खिडकी. आज ज्वारीचं किंवा सरकीचं पाण्याखाली उगवणारं बी म्हणून कुणी पाकीट विकत असेल तर तो ठग आहे. सध्या तरी आपला इलाज दाण्यात नाही, रानात आहे. पाणी बाहेर काढणं. हैदराबादजवळ पतनचेरूला इक्रिसॅट ही संस्था आहे, तिनं काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत बसवली. दाणा वरंब्यावर राहतो, पाणी सरीतून जातं. मी गेल्या वर्षी निम्म्या रानात केली. वरंब्यावरचं उगवलं, सपाटीवरचं पुन्हा विरळ झालं. पण पाणी सरीतून निघून जायला धुऱ्याला वाट लागते, आणि ती वाट शेजाऱ्याच्या रानातून जाते, तिथं भांडण आहे. ते भांडण गावात बसून मिटवावं लागेल, त्याला जीन नाही.

पण मी एवढ्यावर थांबायला तयार नाही. धानाचे ८ हजार वाण कुणीतरी पाण्याखाली घालून पाहिले म्हणून ते मूठभर सापडले. त्याच पतनचेरूच्या पेढीत ज्वारीचे ३५ हजारांहून जास्त नमुने जपून ठेवले आहेत. त्यात महाराष्ट्रातल्या गावागावांतून नेलेलं बी आहे, तुमच्या-माझ्या आज्यांनी लिंबाचा पाला घालून कणगीत राखलेलं. पेरणीनंतरच्या चिबडीत त्यातलं कुठलं तग धरतं, हे रांगेनं तपासायचं काम आपल्या कृषी विद्यापीठांनी आणि इक्रिसॅटनं हाती घ्यावं आणि निकाल मराठीत छापावा, असा ठराव मी आज मांडतो आहे. धानाइतकं यश मिळेल असं मी म्हणत नाही. कदाचित ३५ हजारांत एकही निघणार नाही. पण मग "नाही" असं सांगणारा कागद तरी हातात येईल, आणि निचऱ्याच्या चरांसाठी पैसा मागताना तो कागद टेबलावर ठेवता येईल.

तोवर एक काम आपणच करू. ज्यांच्या घरी चिबड रानातल्या जुन्या ज्वारीचं बी अजून आहे, त्यांनी ते पुढच्या बैठकीला मूठभर घेऊन यावं. चिठ्ठीवर वाणाचं नाव, गाव, आणि रान कसं आहे ते लिहावं. बाटल्यांचं बघायचं झालं तर पाणी चांगलं उकळा, बंद झाकणाखालीच गार होऊ द्या, आणि तेल जरा जास्तच घाला. बी एकाच वयाचं घ्या, जुनं-नवं मिसळलं तर काही कळणार नाही. शंभर दाणे मोजून घ्या. बाजूला शंभर दाणे ओल्या फडक्यातही ठेवा, नाहीतर मुळातच मेलेलं बी पाण्यानं मेलं असं आपण लिहून बसू.

या बाटल्या मागच्या रांगेकडं पाठवतो. ज्वारीचं झाकण उघडू नका.